दूरचा समुद्र आणि जवळचा जवळा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. मुंबईचा किनारा रेल्वेने अकराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, पण तोही एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब. तरीही या वसाहतीतल्या काही मराठी घरांत समुद्राचा एक अंश वर्षभर मुक्कामाला असतो. मे महिन्यात कोकणातून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत तो येतो, घट्ट झाकणाच्या बरणीत जातो आणि पावसाच्या पहिल्या झडीत कांदा, कोकम आणि लाल तिखटाच्या सोबतीने तव्यावर उतरतो. त्याचे नाव जवळा. महाराष्ट्र मंडळाच्या या परिसरात कोकणी घरांबरोबर वैदर्भीय घरेही आहेत. त्यांच्या बरणीत भंडारा-गोंदियाच्या तलावांतले सुके झिंगे असतात. बस्तरच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीला सुक्सी म्हणतात आणि तिच्या ढिगांतही बारीक कोळंबी असते. तिन्ही वस्तू वरवर सारख्या दिसतात: फिकट, कुरकुरीत, वाकडी झालेली, काळ्या टिंबांसारखे डोळे असलेली. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांची घराणी वेगळी आहेत, आणि त्यांतल्या एका घराण्याचे भवितव्य आज देशाच्या सागरी धोरणाला एक अवघड प्रश्न विचारत आहे.

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये समुद्र येतो तो बहुधा खोलीच्या रूपाने. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ४०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला मान्यता दिली. तीन माणसांना ६००० मीटर खोल नेऊ शकेल अशा ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीच्या प्रगतीची वार्ता तेव्हापासून अधूनमधून झळकत असते. हे काम मोलाचे आहे आणि त्याचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु ज्या पाण्यात देशाची रोजची मासळी जन्मते, ते पाणी सहा हजार मीटर खोल नसते. बऱ्याचदा ते वीस-तीस मीटरही खोल नसते. तिथे जगणारा जवळा बातमीत येत नाही, कारण तो लहान आहे, स्वस्त आहे आणि गढूळ पाण्यात राहतो. लहान ते क्षुल्लक, ही समजूत विज्ञानाने केव्हाच टाकून दिली. सार्वजनिक चर्चेने ती अजून टाकलेली नाही.

प्रथम ओळख. जवळा म्हणजे मोठ्या कोळंबीचे पिल्लू, असा समज अनेक सुशिक्षितांचाही असतो. तो चुकीचा आहे. जवळा हा पूर्ण वाढ झालेला, अंडी घालणारा, स्वतंत्र जातीचा प्राणी आहे. दशपाद कवचधारींच्या ‘सर्जेस्टिडी’ या कुळात ‘ॲसिटिस’ नावाची प्रजाती येते. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर मुख्यतः सापडणाऱ्या जातीचे नाव ‘ॲसिटिस इंडिकस’. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८३० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे विज्ञानाच्या दप्तरी या जीवाची नोंद होऊन जवळपास दोनशे वर्षे झाली. कोळी समाजाच्या दप्तरी ती त्याहून कितीतरी जुनी असणार.

या प्राण्याची लांबी साधारण दोन ते चार सेंटिमीटर. मादी नरापेक्षा मोठी. शरीर जवळजवळ पारदर्शक, डोळे काळेभोर, शेपटीच्या पंख्याच्या मुळाशी तांबडे ठिपके आणि शरीराहून कितीतरी लांब स्पर्शिका. दशपाद हे नाव दहा पायांवरून पडले, पण ॲसिटिसला चालण्याच्या पायांच्या तीनच जोड्या कामाच्या उरल्या आहेत. मागच्या दोन जोड्या उत्क्रांतीच्या ओघात नाहीशा झाल्या आहेत. कारण उघड आहे. जो प्राणी तळावर चालत नाही, आयुष्यभर पाण्यात तरंगत आणि पोहत राहतो, त्याला दहा पायांचा भार कशासाठी?

येथेच रायपूरच्या विद्यार्थ्यासाठी एक सुंदर प्रयोग दडलेला आहे, आणि त्याला ना जहाज लागते ना पाणबुडी. बाजारातून आणलेला सुका जवळा आणि सुके झिंगे वेगवेगळ्या वाट्यांत कोमट पाण्यात भिजवावेत, पांढऱ्या बशीत पसरावेत आणि साध्या भिंगाखाली पाहावेत. सुकवताना आणि हाताळताना पाय तुटतात, म्हणून एकदोन नमुन्यांवर निष्कर्ष काढू नये, वीस-पंचवीस तपासावेत. गोड्या पाण्यातल्या झिंग्यांत पायांच्या पाच जोड्या आढळतील आणि नशीब असेल तर एखाद्या मादीच्या पोटाखाली चिकटलेला अंड्यांचा पुंजका दिसेल. जवळ्यात मात्र पोटाखाली अंडी कधीच दिसणार नाहीत. झिंग्याची मादी अंडी उबेपर्यंत पोटाशी धरून ठेवते. जवळ्याची मादी ती सरळ समुद्रात सोडून देते. एकीकडे थोड्या संततीची काळजी, दुसरीकडे पुष्कळ संततीचा समुद्रावर सोडलेला भरवसा. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली दोन मोठी जीवनसूत्रे अशी शेजारशेजारच्या दोन वाट्यांत पाहायला मिळतात.

जवळ्याचे अंडे फुटते तेव्हा त्यातून ‘नॉप्लियस’ नावाचा, मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढा डिंभ बाहेर येतो. अनेकदा कात टाकत, रूपे बदलत तो प्रौढ होतो. या वाढीत एक भौतिक स्थित्यंतरही घडते. पाण्यात हालणाऱ्या वस्तूवर जडत्वाचा प्रभाव अधिक की चिकटपणाचा, हे रेनॉल्ड्स अंक सांगतो. डिंभ साधारण ०.३ मिलिमीटरचा आणि त्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटर धरला तर हा अंक एकाहूनही कमी भरतो. त्याच्यासाठी पाणी मधासारखे दाट असते आणि पाय हलवणे थांबताच तो जागच्या जागी थबकतो. अडीच सेंटिमीटरचा प्रौढ जवळा सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाने पोहत असेल तर तोच अंक हजाराच्या पुढे जातो. आता पाणी पातळ झालेले असते आणि एका झटक्यात पुढे सरकता येते. एकाच आयुष्यात, एकाच पाण्यात, हा जीव दोन निराळ्या जगांत राहून जातो.

त्याची पारदर्शकता हीसुद्धा प्रकाशशास्त्राची करामत आहे. शरीरातल्या ऊतींचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास असेल आणि आतली रचना एकसारखी असेल, तर प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो आणि भक्षकाला काही दिसत नाही. पण डोळ्याला ही सवलत नाही. पाहायचे तर प्रकाश शोषलाच पाहिजे, आणि जो प्रकाश शोषतो तो काळा दिसतो. म्हणून ताज्या जवळ्याच्या टोपलीत सर्वांत ठळक दिसतात ते हजारो काळे ठिपके. उष्णता लागली की प्रथिनांची घडी उलगडते, ती एकमेकांत गुंततात, प्रकाश सर्व दिशांना विखुरू लागतो आणि तव्यावर तोच जवळा पांढरट, अपारदर्शक होतो.

याच कुळातले खोल पाण्यातले सदस्य लपण्यासाठी आणखी पुढे जातात. त्यांच्या शरीरावर प्रकाश देणारी इंद्रिये असतात. वरून झिरपणाऱ्या मंद उजेडाइतकाच उजेड ते खालच्या बाजूने टाकतात, त्यामुळे खालून पाहणाऱ्या भक्षकाला त्यांची सावली दिसत नाही. त्यांतले अनेक जण दिवसा खोल अंधारात राहतात आणि रात्री अन्नासाठी वर येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनिलहरींनी पाणबुड्या शोधणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना समुद्राच्या मध्यावरच एक ‘खोटा तळ’ दिसू लागला. तो संध्याकाळी वर सरके आणि पहाटे खाली जाई. तो तळ नव्हता, लहान मासे आणि कवचधारींचे विशाल थवे होते. पृथ्वीवरचे प्राण्यांचे सर्वांत मोठे दैनंदिन स्थलांतर असे युद्धाच्या उपकरणांतून उघडकीस आले.

भारताच्या वायव्य किनाऱ्यावरचा जवळा मात्र खोलाचा रहिवासी नाही. त्याचे घर उथळ आहे: खाड्यांची मुखे, चिखलाचा तळ, नद्यांनी आणलेला गाळ, वनस्पती-प्लवकांनी भरलेले गढूळ पाणी. येथील सागरमंच रुंद आहे आणि भरती-ओहोटी जबरदस्त. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी सुमारे पाच मीटर चढते-उतरते आणि खंबातच्या आखातात हा फरक त्याच्या दुपटीवर जातो. अशा प्रवाहात सेकंदाला काही सेंटिमीटर पोहणारा जीव प्रवाहाविरुद्ध जाऊ शकत नाही. तो पाण्याबरोबर येतो आणि पाण्याबरोबर जातो. डायाटम, कुजलेल्या सेंद्रिय कणांचा चुरा आणि स्वतःहून लहान प्लवक खाऊन तो वाढतो, आणि प्रचंड थव्यांनी राहतो.

हे कोळ्यांनी फार पूर्वी ओळखले. त्यांचे डोल जाळे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला तोंड करून पाण्यात स्थिर केलेली शंकूच्या आकाराची प्रचंड पिशवी. होडी जाळे ओढत नाही. समुद्रच जाळ्यातून वाहतो. भरतीचे पाणी पिशवी भरते आणि पाणी थबकण्याच्या सुमारास ती उचलली जाते. उधाण आणि भांग यांचे पंचांग या मासेमारीचे खरे वेळापत्रक. जाळे पाण्यातून फिरवण्यासाठी डिझेल जळत नाही, तळ खरवडला जात नाही. अर्नाळा, उत्तन, वर्सोवा, सातपाटी अशा गावांत या जाळ्यांनी पिढ्या जगवल्या. बोंबील बांबूंच्या मांडवांवर टांगायचे, जवळा जमिनीवर पसरायचा आणि पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी म्हणून विकायचा, या व्यवहाराचा मोठा भार कोळी स्त्रियांनी वाहिला आहे.

समुद्राच्या हिशेबात जवळ्याचे स्थान याहून मोठे आहे. बोंबलाच्या पोटाची तपासणी जेथे जेथे झाली, तेथे जवळा आणि त्याच्यासारखी बारीक कोळंबी हे त्याचे प्रमुख अन्न असल्याचे आढळले. घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्या कुळातल्या अनेक जाती आणि वाकटीसारखे मासेही त्याच्यावर पोसले जातात. अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना साधारण दहावा हिस्साच पुढे पोहोचतो, हा पर्यावरणशास्त्राचा ढोबळ नियम. त्या मापाने एक किलो बोंबलामागे सुमारे दहा किलो चारा उभा असतो. जवळा हे वनस्पती-प्लवक आणि मोठी मासळी यांना जोडणारे सांध्याचे हाड आहे. हाड लहान आहे म्हणून सांधा कमी महत्त्वाचा ठरत नाही.

आता अवघड प्रश्न. दोन-तीन सेंटिमीटरचा प्राणी पकडायचा तर जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस अत्यंत बारीक लागतात, आणि ज्या आसातून जवळा सुटत नाही त्यातून पापलेटचे, घोळीचे, बोंबलाचे पिल्लूही सुटत नाही. जवळा जिथे राहतो तेच उथळ पाणी अनेक माशांच्या बालपणाचे अंगण आहे. म्हणजे उद्याची मासळी आजच्या जवळ्याच्या ढिगाऱ्यात मिसळून वाळते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ सागरी जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवले, केरळ आणि कर्नाटक यांच्या पाठोपाठ. पाऊल योग्य होते. पण ‘अमुक इतक्या लांबीखालचा मासा पकडू नये’ हा नियम एका जातीच्या मासेमारीत जितका सोपा, तितका मिश्र मासेमारीत नाही. जाळ्याला जाती कळत नाहीत. त्याला फक्त आकार कळतो. जवळ्याची आई पापलेटच्या बाळाहूनही लहान असते, ही वस्तुस्थिती कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाही.

यावर दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर: बारीक आसाची जाळी सरसकट बंद करा. हे उत्तर कागदावर स्वच्छ आहे, पण त्याचा पहिला घाव पडतो तो समुद्रातल्या सर्वांत कमी यांत्रिक, सर्वांत कमी इंधन खाणाऱ्या मासेमारीवर आणि सुकी मासळी विकून घर चालवणाऱ्या स्त्रीवर. शिवाय जवळा ही गरिबाच्या ताटातली प्रथिने आहेत. कवचासह खाल्ला जात असल्याने त्यातून कॅल्शियमही मिळते, आणि बर्फाच्या साखळीशिवाय तो बस्तरपर्यंत पोहोचू शकतो. दुसरे उत्तर: जवळा अमाप आहे, काही महिन्यांत वाढतो, भरपूर अंडी घालतो, त्याला काही होत नाही. या उत्तरातले जीवशास्त्र अर्धे खरे आहे. अल्पायुषी जीव लवकर सावरतो हे खरे. पण अल्पायुषी जीवाला साठा नसतो हेही तितकेच खरे. पंधरा-वीस वर्षे जगणाऱ्या माशाच्या समूहात एक वर्ष प्रजोत्पादन फसले तर जुन्या पिढ्या आधार देतात. जो वर्षभरही जगत नाही, त्याच्या समूहात या हंगामाची पिढी हीच सगळी संपत्ती असते. ती फसली तर पुढच्या हंगामात हाती काय लागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा जीवाचा आलेख हळूहळू उतरत नाही, तो अचानक कोसळतो. आणि जवळा टिकला तरी त्याच्या सोबत पकडलेल्या पिल्लांचे काय, या प्रश्नाला दुसरे उत्तर हातच घालत नाही.

मार्ग दोन टोकांच्या मधून जातो, आणि तो काल्पनिक नाही. जपानमधील सुरुगा उपसागरात याच कुळातली एक जात पकडली जाते: साकुरा एबी, म्हणजे चेरीच्या फुलाच्या रंगाची कोळंबी. लांबी चार-पाच सेंटिमीटर, अंगावर सुमारे १६० प्रकाशबिंदू, दिवसा दोन-तीनशे मीटर खोल आणि रात्री वर. १८९४ मध्ये युई गावच्या मच्छीमारांचे जाळे तरंगाचे पिंप नसल्यामुळे खोल गेले आणि या कोळंबीने भरून आले, अशी तिच्या मासेमारीच्या आरंभाची हकीकत सांगतात. पुढे स्पर्धा वाढली, साठ्याची चिंता वाढली, तेव्हा मच्छीमारांनीच तोड काढली. परवाना असलेल्या सुमारे १२० नौकांचे उत्पन्न एकत्र करून वाटायचे, रोज किती पकडायचे ते मिळून ठरवायचे आणि उन्हाळ्यात, म्हणजे अंडी घालण्याच्या हंगामात, जाळे टाकायचेच नाही. उत्पन्न सामाईक झाले की शेजाऱ्याच्या आधी जाळे भरण्याची घाई संपते. या व्यवस्थेनंतरही २०१८ मध्ये पीक घसरले, आणि त्या शरद ऋतूत मच्छीमारांनी मासेमारी थांबवली. समुद्राचे सगळे चढउतार माणसाच्या शिस्तीने आवरत नाहीत. पण घसरण दिसताच हात आखडता घेण्याची सोय त्यांच्यापाशी होती, कारण मोजणी होती आणि निर्णय घेणारी सामूहिक संस्था होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थांची परंपरा जुनी आहे. कोणत्या डोलीची जागा कोठे, याचे अलिखित नियम गावोगावी पाळले गेले आहेत. म्हणजे जपानकडून संस्था उसन्या आणण्याची गरज नाही. गरज आहे ती त्या संस्थांच्या हाती वैज्ञानिक माहिती देण्याची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी सर्व यांत्रिक मासेमारीला सारखीच लागू असते. तिच्या जोडीला, ज्या पंधरवड्यात एखाद्या खाडीच्या तोंडाशी पिल्लांचे प्रमाण सर्वाधिक असते, तेवढ्यापुरते आणि तेवढ्याच पाण्यात डोल उचलून ठेवण्याचा निर्णय गावाने घेतला, तर नुकसान थोडे आणि लाभ मोठा होऊ शकेल. पण तो पंधरवडा कोणता? याचे उत्तर प्रत्येक खाडीसाठी, प्रत्येक हंगामात ताजे मिळाले पाहिजे. येथे विज्ञानाची खरी जबाबदारी सुरू होते.

या जबाबदारीसाठी देश अपुरा नाही. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी गोळा केलेले प्राणी-प्लवकांचे नमुने कोचीच्या केंद्रात वेगळे केले गेले. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचे मुख्यालय आज गोव्यात आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ पासून किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अभ्यास करत आहे. मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, आणि हैदराबादचे ‘इन्कॉइस’ मच्छीमारांना संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना नियमित पाठवते. मासे कोठे सापडतील हे उपग्रहाच्या आधारे सांगता येते, तर मासे कोठे पकडू नयेत हेही सांगण्याचा प्रयत्न याच यंत्रणेने का करू नये? त्यासाठी उपग्रहाच्या जोडीला पाण्यातली उपकरणे लागतील. भौतिकशास्त्र येथे उपयोगी पडते. समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. ३८ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे चार सेंटिमीटर भरते, म्हणून तो माशांचे थवे चांगले दाखवतो पण जवळ्याबाबत मंद पडतो. १२० किलोहर्ट्झला ती सव्वा सेंटिमीटरवर येते आणि जवळ्याएवढी वस्तू स्पष्ट प्रतिध्वनी देऊ लागते. दोन वारंवारतांच्या प्रतिध्वनींची तुलना केली तर थवा माशांचा की कवचधारींचा, याचा अंदाज बांधता येतो. हे तंत्र नवे नाही. उथळ, गढूळ, लाटांच्या बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात ते चालवणे कष्टाचे आहे, एवढेच. कष्टाच्या कामालाच निधी लागतो, आणि निधी मागणाऱ्या यादीत जवळ्याचे नाव वर यायला हवे.

दुसरी मागणी नोंदीची. देशात दरवर्षी सुमारे ३५ लाख टन सागरी मासळी उतरते. गटवार तक्त्यांत जवळा ‘नॉन-पिनिड कोळंबी’ या शीर्षकाखाली इतर बारीक कोळंबीसोबत उभा असतो. संशोधनपत्रिकांत त्याचे स्वतंत्र अभ्यास आहेत, पण विद्यार्थी, पत्रकार किंवा सहकारी संस्थेचा सचिव सहज उघडून पाहील अशा रूपात बंदरनिहाय, महिनानिहाय, जातिनिहाय माहिती मिळाली पाहिजे, आणि तीही मराठीत. ज्याची मोजणी लोकांना दिसत नाही, त्याचे रक्षण लोकांना आपले वाटत नाही.

तिसरी मागणी वापराची. पकडलेल्या जवळ्याचा काही भाग माणसाच्या ताटात न जाता कोंबड्यांच्या आणि मत्स्यशेतीच्या खाद्यात जातो. वाळूत वाळवलेला, ओलसर राहिलेला माल माणसासाठी विकला जात नाही म्हणून तो तिकडे वळतो. उंच, स्वच्छ मांडव आणि सौर वाळवणी यांवर थोडा खर्च झाला तर त्याच जवळ्याला माणसाच्या अन्नाचा भाव मिळेल. कमी पकडूनही तेवढेच उत्पन्न होईल. २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना जाहीर झाली. अशा योजनेचे यश नव्या ट्रॉलरांच्या संख्येवर मोजायचे की सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या दराने मोजायचे, हा धोरणाचा आणि नीतीचाही प्रश्न आहे.

किनाऱ्यावर आज मोठी बांधकामे होत आहेत. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प डोल मासेमारीच्या प्रदेशात उभा राहत आहे. बंदर हवे की नको, हा वाद आपल्या जागी. पण समुद्रात भराव पडला की प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की गाळ बसण्याची जागा बदलते, आणि जो जीव प्रवाहाबरोबरच येतो-जातो त्याचे घर हलते. म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाआधी आणि नंतर प्राणी-प्लवकांची सलग, सर्व ऋतूंतली मोजणी होणे ही किमान वैज्ञानिक शिस्त मानली पाहिजे. एका हंगामाचे नमुने घेऊन अल्पायुषी जीवाविषयी बोलणे म्हणजे एका रात्रीच्या आकाशावरून पंचांग मांडणे.

यात चौबे कॉलोनीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. जो खातो तो बाजार घडवतो. बरणीत जवळ्यासोबत नखाएवढी माशांची पिल्ले भरलेली दिसली आणि ग्राहकाने तो माल नाकारला, तर तो नकार व्यापाऱ्यामार्फत किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. शेकडा किती पिल्ले, हे भिंग आणि बशी घेऊन शाळकरी मुलेही मोजू शकतात. रायपूर, नागपूर, गोंदिया येथील शाळांनी अशी मोजणी वर्षभर केली तर ती स्वतःच एक उपयुक्त नोंद होईल. दुसरा संबंध पाण्याचा. रायपूरचे पाणी खारून नदीत जाते, खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी हिराकुडचे धरण ओलांडून पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला. त्या मुखाशी, त्याच गढूळ पाण्यात, ॲसिटिसच्या जाती राहतात. शहराने नदीत सोडलेले काय आणि धरणाने अडवलेला गाळ किती, याचा परिणाम शेवटी त्या पारदर्शक शरीरांपर्यंत जातो.

आणि छत्तीसगढ समुद्राला परका आहे, हे तरी कुठे खरे? राज्याच्या उत्तरेस मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या काठी सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांचे आणि इतर सागरी जीवांचे जीवाश्म खडकात उघडे पडले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपली आहे. तिथे कधीकाळी समुद्र होता आणि तो गेला. त्याच्या जाण्यात माणसाचा हात नव्हता. आजच्या उथळ किनाऱ्याविषयी भावी पिढ्यांना तसे सांगता येणार नाही. त्या हिशेबात जाळ्याचा आस, बंदराचा भराव, नदीचे पाणी आणि बाजारातली निवड, सगळे नोंदलेले असेल. सहा हजार मीटर खोल जाणारी पाणबुडी देशाने अवश्य बांधावी. पण वीस मीटर पाण्यातला जवळा मोजण्याचे काम तिच्या परतण्याची वाट पाहत थांबू नये. त्याची सुरुवात या आठवड्यात, एका पांढऱ्या बशीत आणि एका भिंगाखाली, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरही करता येईल.